चोर, संन्यासी आणि टर्बो

चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. ती राजेरजवाड्यांबरोबर संपली असं कोणाला वाटत असेल, तर त्याने एक जुनी डिझेल मोटार बाळगावी आणि ती बिघडण्याची वाट पाहावी. फार थांबावं लागत नाही.

माझी मोटार १४ वर्षांची आहे. मोटारींच्या हिशेबाने ही आजीबाईच. तर या आजीबाई खंबाटकीच्या घाटात एकाएकी धापा टाकू लागल्या. ॲक्सिलरेटर पार तळाला टेकवला तरी काटा ४०च्या वर जाईना आणि समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. ऊस भरलेला एक ट्रक हॉर्न वाजवत आम्हांला मागे टाकून गेला, तेव्हा सौ. शांतपणे म्हणाली, "त्या ट्रकला दोर बांधता आला तर बघा."

दुखणं टर्बोच्या घराण्यातलं होतं. हे घराणं काय आहे ते थोडक्यात सांगतो. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पुढचा परिच्छेद खुशाल गाळावा.

इंजिनातून बाहेर पडणारा धूर एरवी वाया जातो. त्याच्या जोरावर एक चक्र फिरवायचं आणि त्याच आसावरच्या दुसऱ्या चक्राने ताजी हवा इंजिनात कोंबायची, ही युक्ती आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरची. १९०५ साली त्याने तिचं पेटंट घेतलं. शिळ्या पोळीचा कुस्करा करणाऱ्या आपल्या बायकांना त्याचं फार कौतुक वाटणार नाही, पण युक्ती नामी आहे. हे चक्र मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेऊ शकतं. इतक्या उधळलेल्याला आवरायला कोणीतरी हवंच. माझ्या गाडीत टर्बोच्या पोटात बारीक पाती आहेत. ती फिरली की हवेचा दाब कमी-जास्त होतो. पाती फिरवते एक दांडी. दांडी ओढतो एक पत्र्याचा डबा, त्याला ॲक्च्युएटर म्हणतात. त्या डब्यातली हवा एका रबरी नळीतून शोषली जाते. किती शोषायची ते सोलेनॉइड नावाचा व्हॉल्व्ह सांभाळतो आणि त्याला हुकूम सोडतो इंजिनाचा कॉम्प्युटर. म्हणजे हुबेहूब सरकारी कचेरी. साहेबांची सही वेळेवर होते. फाईल अडते ती कारकून आणि शिपाई यांच्या मधल्या व्हरांड्यात.

पहिल्या गॅरेजच्या मालकाने स्कॅनर लावला. पडद्यावर 'पी ०२९९' उमटलं. त्याने बॉनेटही न उघडता निकाल दिला, "साहेब, टर्बो गेला."

आता या आकड्याचा अर्थ इतकाच, की हवेचा दाब हवा तेवढा होत नाही. ही तक्रार झाली, निकाल नव्हे. पोटात दुखतंय म्हणणाऱ्याला कोणी 'पोट बदलून घ्या' सांगत नाही. पण मालक म्हणाला, "टर्बो, सोलेनॉइड, नळ्या, सगळंच बदलून टाकू. ५५ हजारांत काम होईल. म्हणजे प्रश्नच नको!"

'प्रश्नच नको' हे तत्त्वज्ञान मोठं सोयीचं आहे. सगळेच भाग काढून फेकले, की चोर आणि संन्यासी एकाच भंगारात जातात, आणि गाडी तर चालते! मग त्यातला चोर कोण होता हे विचारायला कोण बसलंय?

तेवढ्यात मालकाला माणसातलाही आरोपी आठवला. "ए बारक्या! मागल्या महिन्यात या गाडीचा फिल्टर तूच बदललास ना? तूच नळी ओढली असशील. पगारातून कापीन!" अठरा-एकोणीस वर्षांचा तो पोरगा हात पुशीत खाली मान घालून उभा राहिला. नळी निघाली असेल तर टर्बो निर्दोष, आणि टर्बो गेला असेल तर पोरगा निर्दोष, एवढा साधा हिशेब होता. मी तो बोलूनही दाखवला. मालक म्हणाला, "साहेब, तुम्हांला गॅरेजमधलं कळायचं नाही."

मी गाडी आमच्या पेठेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी आधी टर्बोचा आस बोटांनी हलवून पाहिला. "ठीक आहे." मग हातपंपाने ॲक्च्युएटरमधली हवा ओढली. दांडी सरसर वर गेली आणि पाच मिनिटं तिथंच राहिली. "हाही सुटला." मग नळीवरून बोट फिरवत फिरवत ते ॲक्च्युएटरजवळच्या वळणाशी थांबले. तिथं क्लिपेच्या आड रबर उष्णतेने वाळून भेगाळलं होतं. फिल्टरची पेटी पार दुसऱ्या बाजूला. तिथवर बारक्याचा हात पोचण्याचं कारणच नव्हतं.

नळी बदलली. गाडी सुधारली, पण पुरती नाही. मिस्त्रींनी तशाच दुसऱ्या गाडीचं सोलेनॉइड उसनं काढून बसवलं आणि कात्रजच्या चढावर नेलं. गाडी तरुण झाली! मी पाकीट काढलं, तर ते म्हणाले, "थांबा. आता जुनं परत बसवू."

"चालतेय की आता!"

"चालतेय, पण कशामुळं? बसवताना एखादा प्लग नीट बसला असेल, त्यानंही चालेल."

जुनं परत बसवलं. गाडी पुन्हा धापा टाकू लागली. पुन्हा उसनं, पुन्हा तरुण. तेव्हा कुठे सोलेनॉइडवरचा गुन्हा शाबीत झाला. न्यायाच्या नावाने मोठमोठ्या इमारती उभ्या आहेत, पण आरोपीला शिक्षा दिल्यावर 'जरा परत आणून बघू' म्हणणारा मी पहिल्यांदाच पाहिला.

खर्च आला नळीचे १८०, सोलेनॉइडचे ३,२०० आणि मजुरीचे ८०० रुपये. यातले ८०० द्यायला माझा हात जरा आखडलाच, हे सांगितलं पाहिजे, कारण पहिल्या मालकाची बाजूही अगदीच पोकळ नाही. वस्तूचे पैसे आपण मुकाट्याने देतो. शोधण्याचे द्यायचे म्हटले, की 'नुसतं बघायचे एवढे?' म्हणतो. मग तो तरी कशाला बघेल?

पण बारक्याचं काय? पुढच्या रविवारी मी ती भेगाळलेली नळी खिशात घालून त्या गॅरेजात गेलो. मालकाला भेग दाखवली, जागा समजावली. त्याने नळी उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली.

"असेल साहेब. पण त्याला तर मी तेव्हाच काढला."

"मग परत बोलवा."

"आता कशाला? दुसरा ठेवलाय. काम चांगलं करतो." आणि आत वळून त्याने हाक मारली, "ए बारक्या, साहेबांना एक कटिंग सांग!"