अपडेटच्या रात्री नागसेन

आमच्या सात जणांच्या गटाचा कोड ठेवायचा फोर्जेजो सर्व्हर मी सांभाळतो. २०२२ साली गिटीपासून फुटून निघालेली ही प्रणाली; एस्परांतोत या नावाचा अर्थ लोहाराची भट्टी. शनिवारी रात्री बॅकअप घ्यायचा, सेवा थांबवायची, नवी आवृत्ती चढवायची. तीन वर्षांत यंत्र बदललं, डिस्क बदलली, डेटाबेसही. मग राहिलं काय?

'मिलिंदप्रश्ना'त बौद्ध भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, रथ म्हणजे चाकं की आस? दोन्ही नाही, ते व्यवहारापुरतं नाव. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची ज्योत पहाटे तीच नसते, वेगळीही नसते. मला हे पटतं, पण अर्धंच. सर्व्हरवरचा कोड गिटमध्ये असतो; लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये रचलेल्या या प्रणालीत प्रत्येक कमिट, म्हणजे बदलाची नोंद, आधीच्या नोंदीचा हॅश (तिच्या मजकुरातून काढलेली खूण) पोटात घेऊन येतो. जुन्यातलं एक अक्षर बदला, पुढची सगळी ओळख बदलते. हे ज्योतीपेक्षा कर्माच्या हिशोबाजवळचं. (आजी याला संचित म्हणाली असती.)

एकदा माझ्याच हातून पासवर्ड कमिटमध्ये गेला. इतिहास नव्याने लिहिला, सगळ्यांना पुन्हा क्लोन करायला लावलं. पासवर्ड लगेच बदलला, हे बरं झालं. एका मित्राच्या लॅपटॉपवर जुन्या इतिहासाची प्रत अजून आहे.