थरथर कुठून येते

स्टिअरिंग डॅम्परचा दांडा हळूच ओढला तर मुकाट्याने बाहेर येतो. हिसका दिला की अडतो, आणि हिसका जितका जोराचा तितका जास्त अडतो. आत भानगड फारशी नसते. तेलाने भरलेली नळी, तिच्यात दट्ट्या, दट्ट्यातून किंवा त्याच्या बाजूने तेलाला जायला अरुंद वाट. बँकेचं काचेचं दार आपटू न देणारा, वर बसवलेला तो लोखंडी हात याच तत्त्वावर चालतो.

जुन्या कास्ट आयर्न बुलेटला हँडलच्या मधोमध एक गोल मूठ असायची. तिच्याखाली घर्षणाच्या चकत्या; मूठ आवळली की हँडल जड. साइडकार जोडलेल्या गाडीचं हँडल कमी वेगात डोलू लागतं, तिथे ही सोय कामाची. पण हिसका आणि साधं वळण यांतला फरक तिला कळत नसे. तेलाच्या डॅम्परला तो कळतो. पार्किंगमधून गाडी काढताना तो आहे हे जाणवतही नाही, आणि सेकंदाला चार ते दहा वेळा डावी-उजवीकडे थरथरणाऱ्या चाकाला मात्र तो धरून ठेवतो.

इतका गुणी असल्यामुळेच तो एक घोटाळा करतो. गाडीचं दुखणं झाकतो. कोनसेट ढिला झालेला असतो, पुढचा टायर मधोमध सपाट झालेला असतो, मागे लडाखच्या हिशेबाने सामान बांधलेलं असतं, आणि तरीही हँडल शांत. मग कधीतरी डॅम्परचं सील जातं, तेल झिरपतं, हँडल थरथरतं आणि मालक म्हणतो, डॅम्पर बिघडला. गाडी त्याच्या कितीतरी आधी बिघडलेली असते. म्हणून झिजलेला डॅम्पर मला एका अर्थी उपकारकच वाटतो. त्याच्यामुळे गाडीची खरी अवस्था उघडी पडते. ती न बघताच नवं तेल भरायचं, म्हणजे ती पुन्हा झाकायची.

कंपन्यांनाही हा मोह सुटलेला नाही. सुझुकीची टीएल १००० एस १९९७ मध्ये आली. खराब रस्त्यावर जोरात ॲक्सिलरेटर दिला की तिचं हँडल फडफडतं, अशी तिची कीर्ती झाली, आणि कंपनीने स्टिअरिंग डॅम्पर बसवून दिले. फडफड आवरली. मागच्या सस्पेन्शनचा वेगळ्या धाटणीचा, चक्राकार फिरणारा डॅम्पर मात्र तसाच राहिला, आणि त्याच्याबद्दलची कुरकुरही.

म्हणून घरी डॅम्परच्या दुरुस्तीचं काम काढलं की डॅम्पर खोलण्याआधी तो एका बाजूने सोडवून ठेवावा. गाडी मेन स्टँडवर, पुढचं चाक अधांतरी. फोर्कची खालची टोकं धरून पुढे-मागे हलवावीत. टकटक लागली तर कोनसेट ढिला. मग दोन बोटांनी हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावं. मध्यावर खाच लागल्यासारखं अडलं तर बॉल-रेस दबलेली आहे. डॅम्पर जोडलेला असताना ही खाच बोटांना कळतच नाही. टायरची हवा, झीज, रिमचा आउट, स्पोकचा ताण हे सगळं त्यानंतर लगेच. रस्त्यावर वेगात जाऊन थरथर येते का हे बघणं मूर्खपणाचं आहे. तो प्रयोग कुणी करू नये.

आता डॅम्पर. दांडा पूर्ण आत-बाहेर करावा. सगळीकडे सारखा अडथळा हवा. दिशा बदलताना क्षणभर काहीच लागत नसेल तर आत हवा शिरली आहे. पण लोक विसरतात ती गोष्ट टोकांची. थरथर सुरू होते ती अगदी मिलिमीटरभराच्या हालचालीत. टोकाचा रबरी बुश किंवा बॉल-जॉइंट तेवढा ढिला असेल, तर दट्ट्या हलेपर्यंत थरथर जोर धरते. आत कितीही उंची तेल असो, व्यर्थ. माझ्या मते निम्म्या डॅम्परना नव्या तेलाआधी नवा बुश हवा असतो.

खोलायचा तो सर्कलिपवाला. गॅस भरलेला किंवा कड दाबून कायमचा बंद केलेला डॅम्पर घरी उघडू नये. जुनं सील काढून व्हर्निअरने आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजली की हायड्रॉलिक सीलच्या दुकानात बहुधा त्याच मापाचं सील मिळतं. दांड्यावरून नख फिरवावं. नख अडकलं तर तो ओरखडा नवं सीलही खाणार. तिथे पॉलिश पेपर मारून भागत नाही, हार्ड क्रोम नाहीतर नवा दांडा. तेल फोर्कचं, कंपनीने सांगितलेल्या जाडीचं. ब्रेक ऑइल अजिबात नको, नायट्राइल रबर त्यात फुगतं. जाड तेल भरून डॅम्पर 'कडक' करायची हौस पुष्कळांना असते. तसं केलं की पेठेतल्या गर्दीत गाडी सरळ ठेवायला खांदे दुखतात, एवढंच.

डॅम्पर तेलात पूर्ण बुडवून दांडा सावकाश आत-बाहेर करावा, बुडबुडे थांबेपर्यंत. घाई केली की तेलाला फेस येतो आणि सगळं पहिल्यापासून. दांडा एकाच बाजूने असलेल्या डॅम्परमध्ये आत जाणाऱ्या दांड्यालाही जागा लागते, हे भरताना ध्यानात ठेवावं.

पुन्हा बसवल्यावर सगळ्यात कमी क्लिकवर ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. हँडल थांबायला हवं ते चेसिसच्या स्टॉपरवर. त्याआधी डॅम्परचा दांडा टेकत असेल तर बसवण्याची जागा चुकली आहे. जागा दुरुस्त होईपर्यंत तो डॅम्पर काढून कपाटात ठेवा आणि गाडी बेताने चालवा; वळणावर अर्ध्यात अडणाऱ्या हँडलपेक्षा डॅम्पर नसलेलं हँडल कधीही बरं.