मनाचे दुखणे आणि आपली श्रद्धा



काही वर्षांपूर्वी एक तरुण मला कार्यालयात भेटायला आला. पापनिवेदनासाठी नव्हे, सहज बोलायला. त्याच्याच परवानगीने मी हे लिहीत आहे. रात्र रात्र झोप नाही, जेवणावर वासना नाही, कामात लक्ष नाही. प्रार्थनेला बसले तरी मन कोरडे. शेवटी त्याने विचारले, “फादर, माझी श्रद्धा कमी पडते आहे का?”

मी त्याला नऊ दिवसांचा नोव्हेना करायला सांगितला, रोज रोझरी म्हण म्हणालो. त्याने सारे मनापासून केले. दोन महिन्यांनी तो परत आला तेव्हा त्याची अवस्था अधिक वाईट होती. आधी फक्त दुःख होते. आता ‘देवसुद्धा माझे ऐकत नाही’ ही अपराधी भावना त्यात भरली होती. ते जादा ओझे मीच त्याच्या डोक्यावर ठेवले होते.

माझे चुकले कुठे? प्रार्थना सांगण्यात नाही. फक्त प्रार्थनाच सांगण्यात चुकले. दुखण्याला मी श्रद्धेची उणीव समजलो.

धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण शिकलो आहोत की, गंभीर पाप घडायला पूर्ण जाणीव आणि मनाची संमती लागते. झोप उडावी, जगणे नकोसे व्हावे, अशी संमती कोण देतो? जे आपण निवडले नाही त्याची क्षमा मागायची नसते, त्यावर उपचार घ्यायचे असतात. याची दुसरी बाजूही खरी आहे. खोलीच्या वाटणीत मी सख्ख्या भावाला फसवले असेल तर कोणताही मानसशास्त्रज्ञ मला पापमुक्त करू शकत नाही. तिथे भावाची भेट घ्यायला हवी आणि समेट संस्कारही घ्यायला हवा. दोन्ही दारे आवश्यक आहेत, फक्त कोणत्या कामासाठी कोणते, हे ओळखले पाहिजे.

काहीजण विचारतात, “सगळेच आजार ठरवले तर माणसाची जबाबदारी उरते कुठे?” प्रश्न योग्य आहे. भीती, सवय, मानसिक विकार यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, असे ख्रिस्तसभाच शिकवते. पण कमी होणे म्हणजे संपणे नव्हे. दारूच्या आहारी गेलेल्या माणसाला एका दिवसात ग्लास सोडणे जमणार नाही, पण बायकोचा हात धरून डॉक्टरकडे जाणे जमू शकते. आजार आपण निवडत नाही; मदत मागणे बहुधा निवडू शकतो. आणि ज्याला तेवढेही बळ उरलेले नाही, त्याच्यासाठी ती निवड घरच्यांनी करायची असते.

जुन्या करारातील एलिया संदेष्टा आठवा. झुडुपाखाली बसून त्याने देवाजवळ मरण मागितले. देवाने त्याला रागावले नाही, उपदेशही केला नाही. देवदूताकरवी भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा जेवू घातले. नंतरच पुढची वाट दाखवली. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनस यांनीही दुःखावरच्या उपायांत सत्याच्या चिंतनाबरोबर अश्रू, मित्रांची सहानुभूती, झोप आणि स्नान यांची गणना केली आहे.

आपल्या काळातले उदाहरण पोप फ्रान्सिस यांचे. बेचाळीस वर्षांचे असताना, म्हणजे धर्मगुरू असतानाच, सुमारे सहा महिने आठवड्यातून एकदा ते एका ज्यू मनोविश्लेषक बाईंकडे जात असत. २०१७ साली त्यांनी हे स्वतःच उघडपणे सांगितले. त्या बाईंनी आपल्या कामाची मर्यादा कधी ओलांडली नाही, हेही त्यांनी आवर्जून सांगितले. पोपपदावरील व्यक्तीला यात कमीपणा वाटला नाही, मग आपल्याला का वाटावा?

वाटतो, कारण आपल्याला ‘लोक काय म्हणतील’ याची धास्ती असते. १९८२ च्या गिरणी संपानंतर घोडपदेव, लालबाग, परळच्या कितीतरी पुरुषांनी आपले दुःख कुणाजवळ बोलून दाखवले नाही. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत रडायलाही आडोसा नसतो. मुंबईत आजही कुणाला चिडवायचे तर “ठाण्याला पाठवा” म्हणतात. पण त्याच ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू केली. तिथे साधी माणसे अभ्यासाच्या, संसाराच्या, नोकरीच्या अडचणी घेऊन जातात. वेडेपणाचा तिथे प्रश्नच नसतो.

खर्चाची चिंता असेल तर जवळच भायखळ्याला जे. जे. आणि परळला के. ई. एम. रुग्णालय आहे, दोन्हीकडे मनोविकार विभाग आहे. मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून मार्ग काढायला मदत करतात. औषध लागले तर मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर देतात. सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही उपलब्ध आहे. जीव नकोसा झाला असेल तर रविवारची वाट पाहू नका, आजच फोन करा.

तो तरुण शेवटी डॉक्टरांकडे गेला. मी त्याच्याबरोबर गेलो, बाहेर बाकावर बसलो आणि त्याला सांगितलेली रोझरी त्या दिवशी मी म्हटली. आज तो सावरला आहे. तुमच्यापैकी कुणाला एकट्याने जायला संकोच वाटत असेल तर मला सांगा. बाकावर बसायला मी येईन.

प्रभूठायी आपला,
प्रमुख धर्मगुरू