थापटणे कोणाच्या हाती?

सज्जनहो, गेल्या महिन्यात संध्याकाळच्या गाडीने आमच्या शेजारचा एक तरुण निडीच्या स्टेशनावर उतरला आणि घरी न जाता थेट आमच्या ओटीवर येऊन बसला. धाटावच्या एका रसायनांच्या कारखान्यात १७ वर्षे काढलेला, पाळीचा मुख्य. वरच्या जागेसाठी मुंबईस मुलाखत होती. कंपनीने नव्हे, कंपन्यांना साहेब लोक शोधून देणाऱ्या एका मध्यस्थाने बोलावले होते.

"काय झाले रे?" आम्ही विचारले.

"बुवा, दोन तास बसवून ठेवले. माझा अर्ज त्यांनी वाचलाच नव्हता. कारखान्याचे एक अक्षर विचारले नाही. पाच वर्षांनी कोठे असाल, एवढे विचारले आणि पगार किती घेता, ते. मग घड्याळ पाहून 'कळवू' म्हणाले. मी एवढा कच्चा का हो?"

कच्चा हा शब्द कानी पडला आणि आम्हांस तेरचे गोरोबाकाका आठवले. कथा तुम्ही शेकडो कीर्तनांत ऐकली आहे. संतमंडळी बसली आहेत, मुक्ताई म्हणते, काका, मडकी पारखा. काका थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारीत जातात. सारे स्वस्थ, नामदेवराय तेवढे चिडले. काकांनी सर्वांदेखत निकाल दिला, हे मडके कच्चे! रागावलेले नामदेव पंढरीस गेले, तर देवानेही काकांचीच बाजू घेतली आणि विसोबा खेचरांकडे धाडले. पुढे काय झाले? ज्याला कच्चे म्हटले, त्याचीच ६१ पदे आज शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत.

आता पाहा. काकांनी जन्मभर माती तुडविली होती. म्हणून पारखण्याचा अधिकार. त्यांनी मडके वाजवून पाहिले, मग बोलले. आणि जे वाटले ते तोंडावर सांगितले, 'कळवू' म्हणून टांगून ठेवले नाही. जाणणे, वाजविणे, सांगणे, ही परीक्षकाची तीन लक्षणे. मुंबईच्या त्या गृहस्थांकडे यांतले एकही नव्हते. मध्यस्थाची दलाली कंपनी देते, उमेदवार नव्हे. तेव्हा त्या दारात आपण गिऱ्हाईक नसतो, माल असतो. हे ओळखून जावे, म्हणजे मन मोडत नाही.

आम्ही त्यास म्हणालो, "बाळा, घरी जा, जेव. ज्याने मडके वाजविलेच नाही, त्याचा निकाल मडक्याने मनाला का लावून घ्यावा? दुसरीकडे अर्ज कर. पण उद्या कोणी जाणता तुझे उणे दाखवील, तर मात्र रागावू नकोस; तेथे नामदेव हो."

तो गेला. त्यास महिना झाला, मुंबईहून अजून काही कळविलेले नाही.

परंतु सज्जनहो, त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. गेल्या माघात एक पोरगा आमच्याकडे टाळ शिकावयास आला होता. आम्ही पाटावरून न उठता त्याचे गाव विचारले, आडनाव विचारले, मळके कपडे पाहिले आणि 'पुढे पाहू' म्हणालो. टाळ काही त्याच्या हाती दिला नाही. तो फिरून आला नाही. मग त्या मुंबईकरात आणि आमच्यात अंतर ते काय? त्याची खुर्ची, आमचा पाट, एवढेच!

प्रत्येकाच्या हाती कधी ना कधी थापटणे येते. सून पाहताना सासूच्या हाती येते, मजूर ठेवताना शेतकऱ्याच्या, दिंडीत माणूस घेताना विणेकऱ्याच्या. समोरचा मनुष्य घरून आशा बांधून आलेला असतो. नाही म्हणावयाचे तर म्हणावे. पण आधी वाजवून पाहावे आणि मग स्पष्ट सांगावे.

परवाच्या एकादशीस आम्ही स्वतः त्या पोराच्या दारी गेलो आणि टाळ त्याच्या हाती दिले. ताल अजून चुकतो. पण तो आता आम्ही ऐकला आहे.

रामकृष्ण हरि.