दोन गाड्यांचे गणित

शाळेत गणित शिकवणाऱ्या माणसाला एक खोड लागते. जगातली कोणतीही गोष्ट त्याला उदाहरणासारखी दिसू लागते. गेली वीस वर्षे मी सातवीच्या मुलांना दर साल एक उदाहरण घालत आलो आहे : दोन गावांहून दोन गाड्या एकाच वेळी समोरासमोर निघतात, त्यांचे वेग अमुक, तर त्या कोठे भेटतील? मुले भराभर वेगांची बेरीज करतात, भागाकार करतात आणि उत्तराखाली दोन रेघा ओढतात. या उदाहरणातली खरी गोम मात्र इतक्या वर्षांत माझ्याही ध्यानात आली नव्हती. ती आली गेल्या मे महिन्यात, उत्तर इटलीतून दिवसभर आगगाडीने जाताना.

मी निघालो होतो धाकट्या भावाकडे. तो २०११ साली तिकडे गेला, आणि आता उदिने या गावी असतो. माझा भाचा तुरीनला शिकतो. त्याच्याकडे उतरायचे, आणि तिथून पाचशे किलोमीटरांवर पूर्वेला भावाकडे जायचे, असा बेत अक्काने ठरवला. पैसे उभे राहिले ते भविष्यनिर्वाह निधीतून उचल करून आणि एका कादंबरीच्या मानधनातून. अक्काने मेतकुटाची पुडी हाती दिली आणि एवढेच म्हणाली, “दिवाळीत बहिणीला भाऊ भेटावा म्हणून भाऊबीज आहे. भावाला भाऊ भेटावा असा दिवस पंचांगात नाही. तो तुम्हीच काढा.”

हे ती उगीच म्हणाली नव्हती. आमची आई एप्रिल २०२० मध्ये गेली. टाळेबंदीचे दिवस. चार माणसांत मी सगळे उरकले. रात्री भावाला फोन लावला आणि त्याचे रडणे थांबायच्या आत बोलून गेलो, “घर सोडून गेलास, त्याचे हे फळ. आई तुझी वाट बघत गेली.” त्यावर तो काही बोलला नाही. पुढे आमचे बोलणे पाडव्याच्या शुभेच्छांवर आले. मी मनात एकच वाक्य धरून बसलो होतो : जो गेला, त्याने यावे.

तुरीनच्या स्थानकात भाच्याने कागदी तिकिटे काढली आणि फलाटाजवळच्या एका लहान यंत्रात सरकवली. खट्‌ असा आवाज होऊन त्यांवर तारीख आणि वेळ उमटली. प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट असे छापून घेतल्याशिवाय गाडीत बसले, तर पैसे मोजूनही दंड होतो म्हणे! मला गंमत वाटली. तिकीट खिशात आहे, पण प्रवासाला ते खरे नाही.

गाडी सुटली. किवास्सो गेले, आणि व्हेर्चेल्लीच्या आसपास एकदम भाताची खाचरे लागली. मैलोगणती पाणी; त्यात आभाळ, आणि उत्तरेला आल्प्सची बर्फाळ रांग. मी मावळातला. मे महिन्यात आमच्याकडे राब भाजून झालेले असतात आणि काळी खाचरे मृगाकडे डोळे लावून बसलेली असतात. इथे मात्र पाणी आधीच हजर! पो नदीचे पाणी किवास्सोपासून पूर्वेकडे नेणारा ऐंशी किलोमीटरांहून लांब कालवा १८६६ साली पुरा झाला, तो या शेतांना पाणी पुरवतो. पूर्वी या खाचरांत तण काढायला दूरदूरच्या गावांतून बायका येत. काही आठवडे पाण्यात वाकून काम करायचे, आणि मजुरी घेऊन घरी परतायचे. पोटासाठी घर सोडणे हे पाप असते, तर हे शेत उभेच राहिले नसते, असा विचार मनात येऊन गेला. पण मी तो झटकला. मी रागावून आलो होतो, आणि राग हा तयार वाक्यांवर जगतो.

मिलानला गाडी बदलली. त्रेव्हिल्यो नावाचे स्थानक आले, तेव्हा भाचा खिडकीबाहेर बघत म्हणाला, “मामा, इथून वर बेर्गामो. त्या वर्षी धाकटे मामा तिथेच होते.”

बेर्गामो! मार्च २०२० मध्ये त्या शहरात इतकी माणसे मेली की, प्रेतांची सोय लागेना. १८ मार्चच्या रात्री लष्कराच्या ट्रकांची रांग शवपेट्या भरून दुसऱ्या शहरांकडे निघाली. ते चित्र सगळ्या जगाने पाहिले. मीही घरी बसून पाहिले होते. आणि माझा भाऊ तिथे आहे, हे ठाऊक असून मला त्याचे काही वाटले नव्हते! भाचा सांगत होता : “शेजारच्या दोन घरांतली माणसे गेली. मामा आठ दिवस तापाने एकटे पडून होते. दाराशी कोणीतरी जेवण ठेवून जाई. तुम्हांला सांगू नको म्हणाले. दादाला आधीच आईचे आहे, म्हणाले.”

मी गप्प झालो. तो आला नाही, याचा हिशेब मी मांडला होता. त्याला येता आले असते का, हे विचारले नव्हते. भारतात येणारी प्रवासी विमाने तर बंदच होती. आणि ‘तू कसा आहेस?’ हा तीन शब्दांचा प्रश्न मी एकदाही केला नव्हता.

तरीही माझ्या बाजूने बोलायचे ते मी मनात बोललोच. घरी राहणाऱ्याचेही काही असते. म्हाताऱ्या माणसाला रात्री उठवून औषध कोण देतो? पत्र्याची गळती कोण काढतो? दूर गेलेल्याने पैसे पाठवले म्हणजे ऋण फिटते असे नाही. शिवाय अंतर दोन्हीकडून सारखे असले, तरी दोघांचे पगार सारखे नसतात. हे सगळे खरे आहे. आजही मी ते मागे घेत नाही. पण खऱ्या गोष्टीसुद्धा माणूस कधी कधी ढालीसारख्या पुढे धरतो.

देझेन्झानोपाशी गार्दा सरोवराचे निळे पाणी दिसले. तिथून दक्षिणेला, फार लांब नाही, सोल्फेरिनो आहे. २४ जून १८५९ रोजी तिथे घनघोर लढाई झाली. जवळच्या कास्तिल्योने गावात हजारो जखमी आणून टाकले. गावातल्या बायकांनी हा फ्रेंच की ऑस्ट्रियन, हे न विचारता सगळ्यांच्या जखमा बांधल्या. जिनीव्हाहून कामाला आलेल्या आंरी द्युनां याने ते पाहिले, आणि त्यातूनच १८६३ साली रेडक्रॉसची संस्था उभी राहिली. हा धडा मी शाळेत दर वर्षी शिकवतो, आणि भूतदयेवर दोन वाक्ये बोलून पुस्तक मिटतो.

त्या दिवशी मला वाटले, परक्याला भाऊ म्हणणे एका परीने सोपे आहे. त्याच्याशी आपला मागचा हिशेब नसतो. जखम दिसली की पट्टी बांधता येते. अवघड आहे ते सख्ख्या भावाला भाऊ म्हणणे. त्याची जखम बघायच्या आधी आपण जुनी वही उघडतो. घटकाभर तरी सख्ख्याला परक्याइतकीच सवलत द्यावी, आधी दुखते कुठे ते विचारावे, मग वही काढावी.

आणि तेव्हाच ते यंत्र आठवले. नात्याचे तिकीट जन्मतःच हाती पडते, पण तेवढ्याने प्रवास होत नाही. कोणीतरी उठून त्यावर आजची तारीख पाडून घ्यावी लागते.

व्हेरोना, पादोव्हा मागे पडले. मेस्त्रेला पुन्हा गाडी बदलायची होती. तिथून उदिने आणखी दोन तासांवर. मी पिशवी सावरत फलाटावर उतरलो, आणि समोर भाऊ उभा! कानांजवळ केस पिकलेले, अंगाने थोडा सुटलेला.

“तू इथे कसा?” मी म्हणालो.

“दादा, तू इतक्या लांबून आलास. म्हटले, थोडे मीही पुढे यावे.” त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली.

माझ्या उदाहरणातली गोम ती हीच. त्यात दोन्ही गाड्या निघतात. एक स्थानकातच थांबून राहिली, तरी भेट होईल, पण उशिरा. आणि दोन्ही थांबल्या, तर ते उदाहरणच नव्हे. पुढच्या वर्षी सातवीच्या वर्गात हे सांगायचे आहे. मुलांना कळेल न कळेल.

उदिनेच्या गाडीत आम्ही समोरासमोर बसलो. तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला, “आई शेवटी काही बोलली का रे?”

“सांगतो,” मी म्हणालो. “सगळे सांगतो. पण आधी तू सांग. त्या दिवसांत तू कसा होतास?”