दुसरा बाण कोण काढणार?



रोवणीचे दिवस आले की भंडारा जिल्ह्यातील कितीतरी घरांत एक भीती शिरते. बांधीत पाणी साचते, गार वारा सुटतो आणि ज्या घरी सिकलसेलचा रुग्ण आहे, त्या घरची माय रात्री उठउठून लेकराच्या अंगाला हात लावून पाहते. आज दुखत नाही; पण उद्या दुखेल काय? दुखण्याचे दिवस वर्षात मोजके असतात, भीतीचे मात्र वर्षभर. ह्या भीतीबद्दल धम्म काय सांगतो, ते आज पाहू.

तथागतांनी दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे. पहिला बाण म्हणजे शरीराची वेदना. ती अज्ञानी माणसाला होते, तशीच ज्ञानी श्रावकालाही होते. दुसरा बाण म्हणजे त्या वेदनेपायी मनाने केलेला शोक, भय आणि तळमळ. अज्ञानी माणसाला दोन्ही बाण लागतात, श्रावकाला एकच.

आपल्या घरात हा दुसरा बाण कोण मारतो? "मागल्या जन्मीचे पाप आहे", "कोणी करणी केली", "सून वाईट पायाची आली". बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही पोर कण्हू लागले की चोरून अंगारा येतो! सीवक नावाच्या परिव्राजकाने तथागतांना विचारले होते, माणूस जे जे भोगतो ते सारे पूर्वकर्मामुळेच काय? तथागतांनी ते मत चुकीचे ठरविले आणि पित्त, कफ, वात, ऋतुबदल अशी वेदनेची अनेक कारणे सांगितली. परमपूज्य बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त नाकारला. मूल आपले शरीर आईबापांकडून घेते, हे त्यांनी तेथे दाखवून दिले.

मग ह्या रोगाचे कारण काय? रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे-सांधे ठणकतात. हा दोष आईकडून एक व बापाकडून एक असा दोन्हीकडून आला, तरच मूल 'एसएस' म्हणजे रोगी होते. एकीकडूनच आला तर ते 'एएस', म्हणजे केवळ वाहक. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता रोगी मुलाची असते. एकट्या सुनेच्या रक्ताने हा रोग होऊच शकत नाही! तिला दोष देणाऱ्यांनी हे नीट ध्यानात घ्यावे. वाहकाला मलेरियापासून काही संरक्षण मिळते, म्हणून जुन्या मलेरियाच्या मुलखात हा दोष पिढ्यानपिढ्या टिकला. ह्यात पाप कोठे आहे? हे कारण आहे, आणि हाच प्रतीत्यसमुत्पाद होय.

दुसरी गोष्ट लपविण्याची. तपासणीचा कागद पेटीत कुलूपबंद होतो. लग्न जुळेपर्यंत कोणी बोलत नाही. लपविलेला कागद मनाला रोज टोचतो आणि पुढच्या पिढीलाही बाण मारतो. विनयात चांगल्या रुग्णाची लक्षणे दिली आहेत. तो औषध घेतो, पथ्य पाळतो आणि आपला आजार खराखुरा सांगतो. म्हणून लग्नाआधी दोन्ही घरांनी तपासणी करावी आणि कागद एकमेकांसमोर ठेवावे. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. २०४७ पर्यंतचे तिचे उद्दिष्ट आहे. पण आपण कागद लपविला तर मोहीम काय करणार?

रुग्णाने भरपूर पाणी प्यावे, थंडीपासून जपावे, अतिश्रम टाळावेत. रोवणीच्या गार पाण्यात त्याला उभे करू नये. डॉक्टरांनी दिलेले फॉलिक ॲसिड, हायड्रॉक्सीयुरिया मनाने बंद करू नये. ताप आला, छातीत दुखले, दम लागला, तर अंगाऱ्यात वेळ न घालविता दवाखाना गाठावा. आणि भीतीने झोपच उडाली असेल, जेवण जात नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. मनाच्या दुखण्यालाही उपचार आहे. त्यात लाज कसली?

बाबासाहेबांकडे पाहा. मधुमेहाने व पायांच्या दुखण्याने ते जर्जर झाले होते. १९५४ साली आपल्याच भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत ते पराभूत झाले. तरीही १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली. देह थकला होता, पण भयाने त्यांचा ताबा घेतला नाही.

मात्र एकट्या रुग्णाला "धीर धर" म्हणून चालणार नाही. अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतः धुतले, उचलून मंचकावर ठेवले. ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने रुग्णाची करावी, असा त्यांचा भिक्खूंना उपदेश होता. आपल्या विहारात वर्षावासात ग्रंथवाचन होते. त्या तीन महिन्यांत प्रत्येक विहाराने एवढे करावे: तरुण-तरुणींची तपासणी करून घ्यावी, गावातील रुग्णाला रात्री-बेरात्री दवाखान्यात नेणारी चार माणसे ठरवावीत, आणि जागणाऱ्या मायजवळ एखाद्या उपासिकेने एक रात्र बसावे.

पहिला बाण काढणे सर्वस्वी आपल्या हाती नाही. दुसरा मात्र आपण सर्व मिळून काढू शकतो. यंदाच्या वर्षावासात तो काढायला लागा.

नमो बुद्धाय! जय भीम!