पूर्तधर्म आणि रस्त्याकडेची फुले

यज्ञयाग, अग्निहोत्र यांना शास्त्रकार ‘इष्ट’ म्हणतात. विहीर, तळे, देवालय, अन्नदान, बाग यांना ‘पूर्त’. इष्टाला अधिकार पाहावा लागतो. पूर्ताचे दार मात्र सर्वांना मोकळे. म्हणून तो आम्हां वारकऱ्यांच्या जवळचा धर्म. त्यातही दान वेगळे आणि उत्सर्ग वेगळा. दानात देणारा एक, घेणारा एक. दिलेली वस्तू देणाऱ्याने पुन्हा भोगायची नाही. उत्सर्गात घेणारा ठरलेलाच नसतो. बाग लावली आणि सर्व भूतमात्रांसाठी सोडून दिली. मग लावणाऱ्याने तिच्या सावलीत बसावे की नाही? खुशाल बसावे, पण मालक म्हणून नव्हे, सर्वांतला एक म्हणून.

एवढी शास्त्रचर्चा कशासाठी, असे वाचक माउली विचारतील. सांगतो.

पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांची १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. कारखाने आले तशी कारखान्यांच्या आत झाडीही आली. टेल्कोच्या सुमंत मुळगावकरांनी उजाड माळावर झाडे लावविली, तळे करविले, कौतुकाचीच गोष्ट. पण तेथे जमीन कंपनीची, माळी पगारी आणि दाराशी पहारेकरी. माझा प्रश्न कुंपणाबाहेरचा आहे. निगडीच्या स्वातंत्र्यवीर सावरकर मंडळाची निसर्गमित्र मंडळी घोरवडेश्वराच्या डोंगरावर झाडे लावतात, जगवतात. डोंगरावर पाणी चढवून झाड जगवणे म्हणजे काय, हे ज्याने वैशाखात एक कॅन खांद्यावर घेऊन पाहिला त्यालाच कळेल! कोणी चौकातल्या मोकळ्या तुकड्यात जास्वंद, तगर, कण्हेर लावतो. कामावरून निवृत्त झालेला माणूस सकाळी खुरपे घेऊन आळी नीट करीत बसतो. जमीन त्याची नाही, पगार नाही. हा उत्सर्गच नव्हे काय?

आणि तंटा नेमका इथेच होतो. पहाटे पाच-साडेपाचला हातात आकडी आणि पिशवी घेऊन एक भाविक येतो आणि झाड ओरबाडून जातो. कळ्यासुद्धा ठेवीत नाही. हटकले तर म्हणतो, “देवालाच तर नेतोय, घरात का खातोय?” कपाळी बुक्का, गळ्यात माळ. आपल्यातलाच असतो बरं का तो. उगाच दुसरीकडे पाहू नका.

त्याच्या बाजूला शास्त्र नाही असे नाही. गौतमांच्या धर्मसूत्रात गाईसाठी गवत, अग्नीसाठी सरपण आणि झाडावेलींची फुले स्वतःची असल्याप्रमाणे घ्यावीत, अशी मुभा आहे. मनूही अशा गोष्टींत चोरी मानीत नाही. झाले! पिशवीवाल्याला एवढेच हवे असते. पण ‘स्वतःची असल्याप्रमाणे’ या शब्दांकडे त्याचे लक्ष गेलेले नाही. आपल्या परसातले झाड कोणी फांदी मोडून ओरबाडतो का? उद्याची कळी राखतो, चार फुले झाडावर शोभेला ठेवतो, आणि झाड सुकलेले दिसले तर तांब्याभर पाणी घालतो. स्वतःचे म्हणून घ्यायचे असेल तर हे सगळेच स्वतःचे म्हणून करावे लागेल. फुले घेताना आपले आणि पाणी घालताना सरकारचे, असा अर्थ कोणत्याही भाष्यकाराने केलेला माझ्या वाचनात नाही.

आता दुसरी बाजू. लावणाऱ्याचाही ताठा काही कमी नसतो. दोन वर्षे पाणी घातले की ‘आमचा चौक’ सुरू होतो. नावाची पाटी येते, मग तारेचे कुंपण, मग कुलूप. पोरे चेंडू शोधायला आत शिरली की हा त्यांच्यावर खेकसतो. फूल नेणारा निदान चार फुले नेतो. हा तर अख्खी बाग घरी नेतो! कायदाही त्याला मालक मानत नाही. महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे शहरात स्वतःच्या जागेतले झाडसुद्धा परवानगीवाचून तोडता येत नाही. मग चौकातल्या झाडावर हक्क कसला सांगायचा?

गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) खराट्याने गावे झाडली, पंढरपूर, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या केल्या, आणि त्यांवर घरच्या माणसांचा हक्क ठेवला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हाती दिली. याला मी उत्सर्ग म्हणतो.

कोणी म्हणेल, महाराज, ‘माझे’ सुटले की काळजीही सुटते. सर्वांचे ते कोणाचेच नाही. व्यवहारात असे घडते खरे, मी नाकारीत नाही. सरकारी वृक्षारोपणाची कित्येक आळी पहिल्याच उन्हाळ्यात कोरडी पडलेली आपण पाहतो. पण उत्सर्गात सुटतो तो हक्क. पाणी घालण्याचे काम सोडायला कोणी सांगितले आहे? देवळाचा पुजारी मूर्तीचा मालक नसतो, म्हणून काकडा चुकवतो का?

ज्येष्ठ वद्यात तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि निगडीवरून आकुर्डीला मुक्कामी येते. तेव्हा त्या वाटेवरच्या झाडांखाली आपण टेकतोच. तेथे बसताना पत्रावळी आळ्यात टाकू नयेत, रोपाच्या काठीला पताका टेकवू नये, आणि बाटलीत उरलेले पाणी डांबरावर न ओतता बुंध्याशी ओतावे.